जिथं यात्रेची बस जात नाही

तुम्ही काशी करून आलात, रामेश्वर करून आलात, घरी फोटो लावलेत. मग एवढंच सांगा, त्या पंधरा दिवसांत तुम्हाला जेवायला कोणी घातलं? आडनाव राहू द्या. नुसतं नाव सांगा.

नाही ना आठवत? आठवणार कसं, विचारलंच नव्हतं. पाणी मागितलं, पोळी मागितली, ‘बाई, वरण वाढा’ म्हणालात. देवाचे अवतार तोंडपाठ असतात आपल्याला, वाढणारीचं नाव नसतं.

तर एकीचं नाव इथं सांगून ठेवतो. चांगुणाबाई. राहणार शिरड शहापूर. वय तिच्या हिशेबानं पन्नास, आधार कार्डाच्या हिशेबानं सत्तावन्न. नवरा ज्ञानबा मेंढरं राखतो, आणि ती यात्रेच्या बसवर स्वयंपाक करते. एकोणीस वर्षं झाली.

बस विश्वंभरशेठची. दिवाळी झाली की जवळा बाजारहून निघते आणि फाल्गुनापर्यंत फेऱ्या मारत राहते. आत पन्नास प्याशिंजर. टपावर भगोणी, पराती, दोन शेगड्या, पिठाची पोती. आणि अगदी मागच्या बाकावर, कांद्याच्या गोणीला पाय टेकवून, चांगुणाबाई. सोबत हाताखाली एक बाई असते, दरवेळी वेगळी, कारण एक फेरी केलेली बाई दुसऱ्या फेरीला येत नाही. देवाचं गाव आलं की प्याशिंजर नारळ घेऊन रांगेत उभे राहतात आणि ही धर्मशाळेच्या मागच्या अंगणात नळ शोधायला जाते. ते दर्शन करून येईस्तोवर पन्नास पानांचं तयार पाहिजे. ते जेवून आडवे झाले की भांडी. भांडी टपावर चढली की डायव्हर हॉर्न वाजवतो. घरी आल्यावर यात्रेकरू मावंदं घालतात, यात्रा सुखरूप झाली म्हणून गावाला जेवण. त्या मावंद्याची कढईसुद्धा हिच्याच पुढं.

म्हणजे देश तिनं पाहिला, पण नळावरून पाहिला. गावात कोणी विचारलं, काशी कशी हाय गं, तर ती सांगते, “पाणी हलकं हाय. डाळ दोन शिट्ट्यात मऊ व्हती.” द्वारका? “मचूळ. चहा बिघडतो.” उज्जैनला नळ चांगला, पण अंगणाला उतार नाही, भांड्याचं पाणी पायाखाली तुंबतं. विचारणारा देवळाबद्दल विचारतो. ती उताराबद्दल सांगते. खोटं काहून बोलावं?

रामेश्वरला ती चार वेळा गेली. रामेश्वर म्हणजे बेट, समुद्रावरचा पूल ओलांडून बस आत जाते. पुलावर गाडी आली की सगळे खिडक्यांना चिकटतात. खिडकीची जागा प्याशिंजरची. चांगुणाबाईच्या मांडीवर परात आणि परातीत लसूण. चारही खेपांना तिला माणसांच्या पाठी दिसल्या. पुढं धर्मशाळेत, भिंतीच्या पलीकडून, समुद्राचा आवाज येत राहायचा. कोणीतरी मोठ्या भट्टीवर भगोणं चढवलंय आणि ते उकळून राहिलंय, पण उतरवायला कोणी येत नाही, असा तो आवाज.

तिसऱ्या खेपेला एक घोटाळा झाला. जवळा बाजारची सखुबाई, मोठ्या वावराची मालकीण, बसची जुनी प्याशिंजर, तिनं गावाकडं वाटायला म्हणून समुद्राचं तीर्थ भरून आणलं आणि तो कॅन पाण्याच्या कॅनांशेजारी ठेवून झोपली. चांगुणाबाईनं त्याच पाण्यात दहा किलो कणीक मळली. वर नेहमीचं मीठही टाकलं. पन्नास माणसांनी पहिला घास घेतला आणि पन्नासही तोंडं एकदम वाकडी झाली. सखुबाईला उलगडा झाला तशी ती कपाळाला हात लावून ओरडली, “अगं बाई, माझं तीर्थ खाल्लं गं साऱ्यांनी!”

चांगुणाबाईनं पुन्हा दहा किलो कणीक मळली.

तेव्हापासून बसमध्ये तो विनोद पक्का झाला. “चांगुणे, समुद्र पाहिला का?” कोणीतरी पुढून ओरडायचं. मागून ती ओरडायची, “पाहिला की, कणकीत!” बस हसायची. तीही हसायची. बारा वर्षं एकाच विनोदावर हसून दाखवायचं म्हणजे तेही एक कामच असतं, ते कोणी धरत नाही.

यंदा पावसाळ्यात तिचं मनगट सुजलं. लाटणं धरलं की अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जायची. डॉक्टर म्हणाला, “मावशी, हाताला आराम द्या.” तिनं विचारलं, “कोणत्या?” डॉक्टरनं दुसरा हात दाबून पाहिला आणि म्हणाला, “दोन्ही.”

दवाखान्यातून ती घरी गेली नाही. औंढ्याला गेली. तिची मुलगी सुकन्या तिथं नागनाथाच्या देवळाच्या रस्त्यावर एका ऑनलाइन सेंटरात बसते. लोकांचे सातबारे काढते, फॉर्म भरते, रेल्वेची तिकिटं काढून देते. दुपारची वेळ होती, दुकानात कोणी नव्हतं.

“सुकन्ये, मला चार रोज कुठंतरी जायचंय.”

“कोणत्या देवाला?”

“देवाला न्हाई. पाहायला. समुद्र.”

सुकन्यानं मान वर केली. “मग गणपतीपुळ्याला जा.”

“शेठची बस जाती तिथं.”

“गोवा?”

“गोकर्णाच्या वाटंवर थांबती. हाटेलाच्या मागं हातपंप हाय, त्याचा दांडा ढिला हाय.”

“माय, मंग तुला नेमकं जायचंय कुठं?”

“जिथं बस जात न्हाई तिथं.”

सुकन्या हसायला लागली. मग तिची नजर आईच्या मनगटावर गेली, तिथं पांढरी पट्टी गुंडाळलेली होती, आणि तिचं हसू थांबलं. तिनं कॉम्प्युटरचं तोंड आईकडं वळवलं. पडदाभर निळं पाणी आणि त्यात चार दाणे सांडल्यागत बेटं.

“अंदमान. रस्ताच न्हाई. एक तं इमानानं जा, न्हाई तं जहाजानं.”

“शेगडी नेऊ देत्यात इमानात?”

“शेगडी? काडीपेटी नेऊ देत न्हाईत.”

“देव कोणता हाय?”

“देवळं असतीलच की. पन बारा ज्योतिर्लिंगांत न्हाई, चार धामांत न्हाई.”

चांगुणाबाईनं खुर्चीच्या पाठीला पाठ टेकली. “मंग हेच काढ.”

पैसे कुठून आले हे विचारू नका. तुम्ही महाबळेश्वरला गेलात तेव्हा तुम्हाला विचारलं होतं का कोणी? बाईनं एकोणीस वर्षं काम केलंय, एवढं पुरे.

मग पंधरा दिवस मायलेकींचं ठरवणं चाललं. सुकन्या दुकान बंद करून शिरडला यायची, दाराशी ज्ञानबा मेंढरं कोंडत असायचा, आणि या दोघी वहीवर पानं लिहायच्या. म्हणजे सुकन्या लिहायची आणि चांगुणाबाई खोडायला लावायची.

“पहिल्या दिवशी जेल पाहायची. संध्याकाळी तिथं दिव्यांचा खेळ असतो.”

“बसायला खुर्ची असती का?”

“असती.”

“मंग ठिव.”

“दुसऱ्या दिवशी बोटीनं दुसऱ्या बेटावर. तिथला समुद्र लई नामी हाय म्हणत्यात, पांढरी वाळू. तिसऱ्या दिवशी सूर्योदय. तिकडं दिवस लवकर उगवतो, पाचच्या आत समुद्रावर...”

“खोड.”

“अगं, लोकं मुद्दाम—”

“मी एकोणीस वर्सं तीनला उठून राहिले. सूर्य माझ्या वळखीचा हाय. खोड.”

काचेच्या तळाच्या बोटीतून पाण्याखालचे मासे दाखवतात ते खोडलं. डोंगर चढायचा होता तो गेला. बाजार गेला. जेवणाच्या रकान्यात सुकन्यानं हॉटेलाचं नाव लिहिलं तर चांगुणाबाईनं विचारलं, “तिथं वाढतं कोण?” “वाढपी.” “आन मला बसून खायाचं?” “बसूनच खातेत, माय.” तिनं ते दोनदा वाचायला लावलं. शेवटी वहीत जे उरलं त्याला सहल म्हणायला कोणी धजलं नसतं. खुर्ची, वाळू, दुसऱ्याच्या हातचा चहा, समुद्र. पुन्हा समुद्र.

ज्ञानबा दारातून म्हणाला, “मला न्हाई जमायचं बा इमानात. तुमी दोघी जा.” त्याच्या तोंडून एवढी दोन वाक्यं सलग निघाली म्हणजे परवानगी वगैरे नव्हे, आशीर्वादच होता.

इथंवर ठीक होतं. पण आठवडी बाजारात बातमी राहते का गप? जवळा बाजारात सखुबाईनं तिला मिरच्या घेताना गाठलं.

“चांगुणे, इमानानं चाललीस म्हणं? कोणता देव?”

“देव न्हाई अक्का. समुद्र पाहायला.”

“नुसताच?” सखुबाईला ते पटेना. देव नसलेल्या गावाला कोणी कशाला जाईल? पण विमान म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. “आमालाबी ने की गं. न्हाई तरी रामेश्वर चार बार झालं.”

दोन दिवसांनी विश्वंभरशेठची मोटरसायकल चांगुणाबाईच्या अंगणात. शेठ वाईट माणूस नाही, हे आधी सांगतो, नाही तर तुम्ही सगळं त्याच्या माथी मारून मोकळे व्हाल. तो तिला मावशी म्हणतो, दिवाळीला लुगडं देतो, आजारी पडली की चौकशी करतो. बाजेवर बसला, पाणी प्याला.

“मावशी, तुमी तं डोकंच चालवलं. आपल्या भागातून अंदमानची यात्रा कोणीच काढली न्हाई आजलोक. अकरा माणसं तय्यार हायेत. सखुअक्का, त्यांचे भाऊ-भावजया, सगळे आपलेच.”

“चांगलं झालं की.”

“पन तिथं मासळीचा वास. आपली माणसं हाटेलात जेवायची न्हाईत. मी एक घर पाहून ठिवलंय, किचन हाय, ग्यास हाय, भांडी हायेत. फकस्त मसाला आन पीठ आपलं न्यायचं.” तो पुढं झुकला. “तुमचं इमानाचं तिकीट माझ्याकडं. पोरीचंबी. एक दमडी लागू देत न्हाई. मावशी, फुकटात अंदमान!”

वही घेऊन बसलेल्या सुकन्यानं तोंड उघडलं तेवढ्यात ज्ञानबा म्हणाला, “फुकट नेऊन राहिलेत तं बरंच हाय की.”

सगळे चांगुणाबाईकडं पाहायला लागले. ती भिंतीला टेकून बसली होती. ती थकली होती, आणि थकलेल्या माणसाच्या तोंडून जो शब्द सवयीनं निघतो तोच निघाला.

“व्हय.”

तो शब्द तिनं उच्चारला नाही, तो आपोआप आला, एकोणीस वर्षं येत होता तसा. शेठ खूश होऊन गेला. सुकन्या मात्र भडकली.

“काहून व्हय म्हणलीस? काहून?”

“त्याला तकलीफ कशाला द्यायाची.”

“त्याला तकलीफ? आन तुझं मनगट?”

“पट्टी बांधून करीन.”

“मंग जाऊन राहिली कशाला? इथंच कर की!”

चांगुणाबाई मनगटाची पट्टी आवळत बसली. भांडायला जोर लागतो. ज्यांच्याकडं जोर उरलेला असतो ते भांडतात, बाकीचे व्हय म्हणतात.

चार दिवसांनी शेठचा निरोप आला, सामानाची यादी पाठवा. ती औंढ्याला गेली. यादी तिच्या डोक्यातच असते, लिहून मागितली म्हणून सुकन्याच्या पुढं बसून सांगायला लागली. माणशी पीठ किती, डाळ किती, तेल किती, पाच दिवसांचं एकदम, बोटांवर मोजायची गरज नाही. सुकन्या चिडक्या बोटांनी टाइप करत होती. मध्येच थांबली.

“हे अकराचं धरलंस?”

“व्हय. अकरा प्याशिंजर.”

“आपण दोघी?”

चांगुणाबाईनं सरळ सांगून टाकलं, “स्वैपाकीण धरीत न्हाईत. उरतं त्यात व्हतं.”

“आन न्हाई उरलं तं?”

“उरतं. चटणी तं उरतीच.”

सुकन्या पडद्याकडं बघत राहिली. “एकोणीस वर्सं तू यादीतच न्हाईस, माय?”

बाहेर देवळाकडं जाणाऱ्या भाविकांची गर्दी होती, बेलाची पानं विकणारी बाई ओरडत होती. चांगुणाबाईनं मनातल्या मनात मोजून पाहिलं. पन्नास माणसांचं पीठ तिनं कधी मूठभर चुकवलं नाही. पन्नास म्हणजे पन्नास. एक्कावन्नावं माणूस तिला कधी सुचलंच नव्हतं, आणि ते माणूस तीच होती. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, शेठनंही सांगितलं नव्हतं. ती स्वतःच स्वतःला वगळत आली होती.

“पुसून टाक ती यादी,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती जवळा बाजारला गेली. शेठच्या दुकानात प्याशिंजर मंडळी जमली होती, कोणती बॅग, किती वजन, यावर खल चालला होता. सखुबाई विचारत होती, “लाटणं तरी चालतं ना इमानात?” चांगुणाबाई दर खेपेला उंबऱ्याशी पायरीवर बसते. त्या दिवशी तिनं आत येऊन खुर्ची ओढली. सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या.

“शेठ, मी येत न्हाई तुमच्या संगं. माझी मी जाईन.”

“काय झालं मावशी? कमी-जास्त बोललं का कोणी?”

“न्हाई. मला पाहायला जायाचंय. रांधाया न्हाई.”

“अहो, रांधता रांधता पाहा की! समुद्र काय पळून चाललाय?”

“रामेश्वरलाबी पळून चालला नव्हता. भिताडामागंच व्हता, चार बार.”

सखुबाई हसत म्हणाली, “चांगुणे, तू तं कणकीत पाहिला—”

“अक्का,” चांगुणाबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, थकलेलाच होता. “बारा वर्सं झाले मी त्याच्यावर हसून राहिले. आता तुमी दुसरं काहीतरी सांगा.”

सखुबाईचं हसू तोंडातच राहिलं. तिनं पदर सारखा केला आणि खरोखरीच चिंतेनं विचारलं, “मंग आमी खायाचं काय गं?”

“हाटेलात खावा.”

“आमाला न्हाई चालत कोणाच्या हातचं.”

“मी धनगराची हाय, अक्का. माझ्या हातचं चालतंच की तुमाला.”

शेठनं कागद गोळा केले. “मावशी, मंग यंदाची बसबी तुमी धरू नका,” तो हळूच म्हणाला. “मला एक पक्की बाई लागती. असं ऐन टायमाला कोणी सोडलं तं माझा धंदा बसंल.”

“बराबर हाय तुमचं,” चांगुणाबाई म्हणाली, आणि उठली. 

ती जिंकली, असं समजून टाळ्या वाजवू नका. काम गेलं. घरी आल्यावर ज्ञानबा दोन दिवस बोलला नाही, तो तसाही बोलत नाही, पण हे न बोलणं वेगळं होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं मेंढीच्या लोकरीचं घोंगडं झटकून तिच्या बॅगेशेजारी ठेवलं. “समुद्रावर वारा असतो म्हणं.” सुकन्यानं सांगितलं, बा, तिकडं उकडतं. तरी ते बॅगेत गेलं. घोंगड्याखाली दोन लुगडी आणि फणी. लाटणं नाही, विळी नाही, मसाल्याचा डबा नाही. बॅग उचलून पाहिली तर तिला ती चुकीची वाटली, एवढी हलकी. काहीतरी विसरलंय असं दिवसभर वाटत राहिलं.

तिकिटं निघाली आहेत. माघ महिन्यात, नांदेडहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून विमान. पाच दिवस. शेठची अंदमान यात्रा बारगळली. जेवणाचं जमलं नाही म्हणून अकराही माणसांनी माघार घेतली. त्याच आठवड्यात त्याची बस पुन्हा रामेश्वरला निघते आहे, नवीन स्वयंपाकीण घेऊन. धुरपताबाई तिचं नाव. गरीब बाई आहे, तिचा काही दोष नाही. पण तिला अंदाज नाही, म्हणून आतापासूनच चांगुणाबाईचा फोन वाजायला लागला आहे. धुरपताबाई विचारते, पन्नासाला डाळ किती. शेठ विचारतो, मोठी परात कुठं ठेवली. सखुबाई विचारते, पिठलं घट्ट होतंय, काय करू. आणि गावातले चौघं नारळ देऊन गेलेत, आमच्या नावानं तिथल्या समुद्रात सोड. ती सगळ्यांना सांगते आहे, सवयीनं. नारळ कोपऱ्यात रांगेनं मांडून ठेवलेत, आणि त्यांच्याकडं पाहून ती बसल्या जागी डोळे मिटते.

तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी कोणी त्या बसवर असाल, किंवा तिचा नंबर तुमच्याजवळ असेल, तर माघातले ते पाच दिवस तिला फोन करू नका. ती वाळूत बसलेली असेल, समोर पाणी असेल आणि हातात कोणीतरी दिलेला चहा असेल. तेवढा तिला पिऊ द्या. धुरपताबाईला आधी तिचं नाव विचारा, मग तिच्या शेजारी बसा, आणि वरणाला मीठ किती लागतं ते स्वतःच्या जिभेनं चाखून बघा.